जमिनीतल्या किडीसाठी कुठला सापळा लावावा?

सापळा विकत घ्यायच्या आधी कीड कुठली ते ठरवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडे मका, भात, शाळू घेणाऱ्यांना जमिनीतून त्रास देणाऱ्या मुख्य किडी म्हणजे हुमणी (भुंगेऱ्याची मुळं खाणारी पांढरी अळी), वाळवी, वायरवर्म (तारेसारखी बारीक, कडक अळी) आणि रोपं बुंध्यात कापणारी अळी. चौघींना पुरेल असा एक सापळा नाही.

हुमणीसाठी सगळे आधी प्रकाश सापळाच सुचवतात. वळवाचा मोठा पाऊस झाला की मे-जूनमध्ये भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून बाहेर येतात, कडुलिंब-बाभळीचा पाला खातात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. म्हणून दिवा साधारण सात ते नऊ लावला की पुरे. खाली टबात पाणी आणि थोडं रॉकेल. रात्रभर दिवा ठेवला तर आपल्याच बाजूचे, म्हणजे किडी खाणारे मित्रकीटक फुकट मरतात. शिवारात रात्री वीज असेलच असं नाही, त्यामुळे सोलरचा सापळा बरा; तो महाग पडतो, पण चार-पाच जणांनी मिळून घेता येतो. अडचण दुसरीच आहे. दिवा शेजारच्या शेतातले भुंगेरेही ओढतो, आणि सगळ्या जातींचे भुंगेरे दिव्याकडे सारखे येत नाहीत. भुंगेरे निघाले कधी, हे त्यातून कळतं. आपल्या रानात हुमणी किती, हे कळत नाही.

म्हणून माझं मत बांधावरच्या कडुलिंबाला. रात्री बॅटरी घेऊन जा, झाडावर सरासरी वीसच्या वर भुंगेरे दिसले तर उपाय सुरू करायची वेळ झाली, असं सांगतात. आकडीनं फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पाहणी आणि बंदोबस्त एकाच फेरीत होतो. खर्च काहीच नाही. मात्र हे एकट्यानं करून भागत नाही, आख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात करायला हवं.

पुढे हुमणीच्या अळीचं नुकसान दिसतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा सापळा उपयोगाचा नाही. पीक पिवळं पडलं तिथे मीटरभर लांब-रुंद माती फूटभर खोल उकरून बघायची. चौरस मीटरला एक अळी निघाली तरी दुर्लक्ष नको. नांगरटीच्या वेळी बगळे-मैना कुठल्या सरीत जास्त उतरतात तेही बघून ठेवा.

वायरवर्मला दिव्यापेक्षा धान्याचं आमिष चांगलं. मका आणि गहू दिवसभर भिजवून मूठ-मूठ चार बोटं खोल पुरायचं, जागेवर काठी रोवायची आणि आठ-दहा दिवसांनी उकरायचं. उगवणाऱ्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याच्या मागावर अळ्या येतात. हे पेरणीच्या आधी, मोकळ्या आणि ओलसर रानातच चालतं. पीक उगवल्यावर तिला सगळीकडे मुळं मिळतात, मग तुमची मूठ कोण शोधणार? ताजं धसकट किंवा हिरवळीचं खत गाडलेलं असेल तरीही आमिष फसतं. आणि बीजप्रक्रिया केलेलं बियाणं यासाठी वापरू नका.

वाळवीचं सोपं आहे. दाणे काढलेली मक्याची कणसं मडक्यात भरून, तोंडाला कापड बांधून, तोंड वर राहील असं जमिनीत गाडायचं. काही दिवसांनी वाळवी भरलेलं मडकं बाहेर काढायचं. हलक्या, कोरड्या रानात हेच आधी करावं.

रोपं कापणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळा (मादी पतंगाच्या वासाचा) मिळतो, पण त्यात फक्त नर पतंग येतात आणि लूर, म्हणजे आतली वासाची गोळी, ज्या जातीची त्याच जातीचे. 2018 मध्ये कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी आल्यापासून मक्यात तिचे सापळे बरेच जण लावतात. त्या सापळ्यात काही नाही म्हणजे जमीन साफ, असं धरू नका. काळ्या रानात संध्याकाळी गवताचे लहान ढीग ठेवून पहाटे खालच्या अळ्या वेचणं हा जुना उपाय मला तरी जास्त पटतो.

राहिला मातीत पुरलेल्या डब्याचा सापळा. त्यात जमिनीवर फिरणारे भुंगे, नाकतोडे, कोळी सगळे पडतात, त्यात मित्रकीटकही भरपूर. हुमणीच्या अळ्या त्यात येणार नाहीत. खानापूरच्या चिखलणीच्या भातात तर तो लावायलाच नको, पावसाच्या पहिल्या सरीला डबा भरून जातो.