पासष्टचा भाव आणि पंधरा हजारांचे चूर्ण

पुण्यात मंडईजवळ बँकेच्या पायऱ्या उतरताना माझे लंगडणे पाहून एका गृहस्थांनी स्वतःच्या वडिलांचे गुडघे कसे बरे झाले, ते सांगायला सुरुवात केली. पुढचा प्रकार आपणांस ठाऊकच असेल. मलाही ऐकून ठाऊक होता आणि 34 वर्षे मी हिशेब तपासण्याचीच नोकरी केली; तरीही त्यांच्यामागून बोळातल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो, याची लाज वाटते. मात्र निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि सुंठीचा काढा आमच्या घरात आजीपासून चालत आलेला असल्याने चिठ्ठीवरील निर्गुडी, रास्ना, अश्वगंधा, गुग्गुळ, गोखरू आणि सुंठ ही नावे वाचून संशय तरी कसा यावा?

भाव विचारल्यावर दुकानदार "पासष्ट" एवढेच म्हणाला. पासष्ट कशाचे, हे मी विचारले नाही. नोकराने प्रत्येक जिन्नस 40 ग्रॅम मोजून सरळ कांडपयंत्रात ओतला, सुंठीच्या धुरळ्याने मला शिंकांवर शिंका आल्या आणि डोळे पुसून पाहतो तो बरोबरचे गृहस्थ नाहीसे झालेले. त्या क्षणी उठायला हवे होते. मी मात्र चूर्ण किती बारीक दळले जाते आहे, ते कौतुकाने पाहत बसलो. 240 ग्रॅम, ग्रॅमला 65, म्हणजे 15,600 रुपये! "कुटलेला माल परत घेत नाही," असे बजावून त्याने 600 रुपये सोडले. दाराशी दोन तरुण उभे होते. मी 3,400 रोख आणि 11,600 मोबाइलवरून दिले.

हेच सहा जिन्नस ओळखीच्या दुकानात 220 रुपयांना मिळाले. माल अख्खाच घ्यावा आणि घरी कुटावा. अश्वगंधेची मुळी वासावरून तरी ओळखता येते, चूर्णात काय आहे ते कळत नाही. सांधेदुखीच्या अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, असे सांगून डॉक्टरांनी ते घेऊच दिले नाही.

पोलीस चौकीत "पैसे तुम्हीच दिलेत ना?" असे विचारून अर्जही घेतला नाही. औषधांच्या सरकारी कार्यालयात आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीला परवाना लागत नाही, निर्मितीला लागतो, असे ऐकवले. मग सहा वनस्पती कुटून गुडघ्यांचे औषध म्हणून देणे ही निर्मिती नव्हे काय, या प्रश्नावर साहेब जेवायला गेले आहेत, एवढेच उत्तर मिळाले. वजनमापांच्या कार्यालयात माल कमी भरला का, असे विचारले. वजन अगदी बरोबर होते, हीच माझी अडचण! भाव कशाचा, हे आधी कागदावर लिहून घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका, कारण माझ्याजवळ पावती नाही म्हणून तिन्ही ठिकाणी मलाच बोल लावण्यात आला.

चूर्णाची पिशवी तशीच बांधून ठेवली आहे. तपासणीसाठी ती अजून कोणी मागितलेली नाही.