‘साहेब, पंप दमलाय’: ठाण्यात जुन्या टू-सीटरच्या नावावर झालेली लूट

माझी गाडी सॅन स्टॉर्म. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोव्याच्या कंपनीने काढलेली, फायबरच्या बॉडीची, उघड्या टपाची दोन सीटची छोटी गाडी. इंजिन रेनॉचं, 1149 सीसीचं. ताकद बेताचीच, पण अंगात वजन नसल्यामुळे पळते झकास. ती आता बनत नाही आणि पार्ट सहज मिळत नाहीत. नेमकी हीच गोष्ट काही गॅरेजवाल्यांच्या पथ्यावर पडते. जो पार्ट गिऱ्हाइकाने कधी पाहिलाच नाही, त्याचा भाव तो कुठे विचारणार?

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. घोडबंदर रोडला अर्धा-पाऊण तास काढला की मानपाडा ते कापूरबावडीच्या दरम्यान कुठेतरी झटके द्यायची, पिकअप जायचा आणि बंद पडायची. थोडा वेळ बाजूला उभी केली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. वागळे इस्टेटच्या बाजूला ‘इम्पोर्टेड गाड्यांचे स्पेशालिस्ट’ अशी पाटी लावलेलं एक गॅरेज आहे, तिथे नेली.

गॅरेजच्या मालकाने माझ्यासमोरच ‘टेस्ट’ केली. ती नीट वाचा, कारण हा खेळ कुठल्याही जुन्या इंजेक्शनच्या गाडीवर करता येतो. त्याने रेलकडे, म्हणजे इंजेक्टरना (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांना) पेट्रोल वाटणाऱ्या दांडीकडे जाणारा पाइप काढला, टोक बिसलेरीच्या बाटलीत धरलं आणि पोऱ्याला चावी फिरवायला सांगितली. सेल्फ मारायला नाही, फक्त चावी ऑन करायला. पेट्रोलची धार आली आणि दोन सेकंदांत थांबली. ‘बघा साहेब, पंप दमलाय. दोन सेकंद पण मारत नाही.’

आता खरं काय ते ऐका. अशा गाड्यांत चावी ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप दोनेक सेकंद चालवतो, लाइनमध्ये दाब भरतो आणि इंजिन फिरत नसेल तर पंप स्वतःच बंद करतो. अपघातात पाइप तुटला तर पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ही सोय असते. म्हणजे त्याने धडधाकट पंपाचं काम दाखवलं आणि तोच आजार म्हणून माझ्या गळ्यात मारला. बरं, उघड्या पाइपातून पडणारी धार बघून दाब कळतही नाही. आंधळ्यासमोर आरसा धरण्यातला प्रकार. (बाटलीत पेट्रोल आणि चार हातांवर चहाचा स्टोव्ह पेटलेला, हे वेगळंच.)

मग ई20ची भीती. पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, त्याने सगळं खाल्लं, असं म्हणत त्याने तळाशी तपकिरी पाणी साठलेली एक काचेची बाटली पुढे केली. यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते पचतं. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजेच ई20, 2023 पासून पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, हेही खरं. पण ती बाटली माझ्याच टाकीतली होती याला पुरावा काय? माझ्यासमोर टाकी कुणी उघडलीच नव्हती.

पंप बदलला. गॅरेजवाल्याने तीन हात नाक्यापर्यंत फिरवून आणली, गाडी ठणठणीत. पुढच्याच आठवड्यात पुन्हा बंद. मग म्हणे इंजेक्टर गेले, मग म्हणे ईसीयूची मेमरी उडाली. पंप ‘इम्पोर्टेड’, इंजेक्टर ‘नवा सेट’, ईसीयू ‘रिपेअर’ आणि वर लेबर, असं सगळं मिळून 64,500 रुपये. बिल म्हणजे वहीच्या कागदावरची चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही. जुने पार्ट मागितले तर ‘भंगारवाला घेऊन गेला.’ नव्या पंपाचा खोका मागितला तर ‘पोऱ्याने टाकला.’

शेवटी ऑफिसमधल्या एकाने तुर्भ्याच्या एका जुन्या मेकॅनिकचा नंबर दिला. काकांनी गाडी बघायच्या आधी विचारलं, ‘बंद पडते तेव्हा स्पार्क असतो का?’ म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी. इतके दिवस हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. गरम झाल्यावर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) किंवा ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल दगा देऊ शकते, आणि तेव्हाही गाडी अशीच मरते, थंड झाली की उठते. म्हणून आधी स्पार्क की पेट्रोल याचा निकाल लावायचा, मग पाना हातात घ्यायचा.

काकांनी पेट्रोलच्या पाइपमध्ये टी आकाराचा जोड टाकून प्रेशर गेज (दाब मोजायचा काटा) लावला, काटा काचेवरून दिसेल असा वायपरखाली अडकवला आणि मला शेजारी बसवून पाम बीच रोडला काढली. अशा इंजिनांना साधारण 3 बारच्या आसपास दाब लागतो. आमचा काटा सुरुवातीलाच दोनच्या जरा वर, रेस दिली की आणखी खाली. पुढे गाडी आचके द्यायला लागली तसा काटा झोपत गेला. काकांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून टाकीचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ करून हवा आत गेली. लगेच सेल्फ मारला, गाडी चालू.

टाकीला श्वासच घेता येत नव्हता. पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा आत यावी लागते. ती आणणारी रबरी नळी आतून फुगून बंद झालेली आणि झाकणातला छोटा व्हॉल्व्हही चिकटलेला. आत पोकळी तयार होऊन पंपाला ओढायला पेट्रोल मिळेना. उभी ठेवली की हळूहळू हवा झिरपायची, म्हणून पुन्हा चालू. आणि तीन हात नाक्यापर्यंतची ट्रायल कायम पास व्हायची, कारण पोकळी तयार व्हायला अर्धा तास लागतो. नळी आणि झाकण, एवढ्यावर काम झालं.

पण मग दाब मुळातच कमी का? काकांनी पंप बाहेर काढला. अंगावरचा छापील नंबर ग्राइंडरने घासलेला, कनेक्टर दुसऱ्याच गाडीचा, वायरी पिळून वर टेप मारलेली. म्हणजे माझा चांगला पंप काढून घेतला आणि कुठला तरी कमी दाबाचा बसवला. इंजेक्टरचं तर हसूच आलं. आधीच्या मालकाने चारही इंजेक्टरवर पिवळ्या रंगाने नंबर टाकले होते. काकांनी फडक्याने वरचं ग्रीस पुसलं आणि खालून 1, 2, 3, 4 ओळीने बाहेर आले. ईसीयूच्या स्क्रूंना तर कुणी हातही लावला नव्हता, खाचांत धूळ तशीच.

कुणी तुम्हाला ‘पंप गेला’ म्हणालं तर गाडी बंद पडत असतानाचा गेजचा आकडा मागा, फोटोसकट. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर किती व्होल्ट पोचतात तेही मागा. जुन्या वायरिंगमध्ये किंवा रिलेत (पंपाला वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) व्होल्टेज गळतं आणि खापर पंपावर फुटतं. गाडी सोडण्याआधी इंजेक्टर आणि पंपाचे नंबर दिसतील असे फोटो काढा, आणि जुने पार्ट परत द्यायचे हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

काकांच्या फोटोंसह मी वकिलाची नोटीस पाठवली. गॅरेजवाल्याने इंजेक्टरचे पैसे मुकाट्याने परत केले, पंपाबद्दल मात्र अजून ‘शोधतोय’ म्हणतो. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. घटनेपासून 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पक्कं बिल नसलं म्हणून सोडून देऊ नका. माझ्याकडे ती चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी आणि ‘इम्पोर्टेड पंप टाकला आहे साहेब’ हा त्याचा स्वतःचा मेसेज आहे, आणि वकिलांच्या मते तेवढं पुरेसं आहे.