धनशक्ती बाजरी : आठवडे बाजारातल्या शेतकरी गटाकडून 6 महिने घेतेय, माझा अनुभव (5 पैकी 4)

बाजरीचा कसला आलाय रिव्ह्यू असं कुणाला वाटेल, पण जूनमध्ये मला कुणी असं लिहून दिलं असतं तर माझे दोन-तीन आठवडे आणि एका अख्ख्या पिशवीचे पैसे वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितेय. लांब झालंय, निवांत वाचा.

झालं असं की माझी लेक यंदा दहावीला, पंधरा पूर्ण. शाळा सुरू झाली आणि ही घरी आली की झोपायची, जिना चढली की धाप लागायची, मला वाटलं क्लासचं टेन्शन असेल. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.6. या वयात मुलींना 12 तरी पाहिजे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाकडे लक्ष द्या म्हणाले. नंतर वाचलं तर महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय हे. म्हणजे आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरात हीच गोष्ट असणार आणि आपण सगळ्या जणी अशक्तपणाला दमणूक म्हणून सोडून देतोय.

आमच्या सासूबाई शिरूर तालुक्यातल्या, बाजरीवर वाढलेल्या. त्या म्हणाल्या, पोरीला भाकरी घाल, चपात्या पुरे. म्हणून मी जवळच्या एका दुकानातून (नाव घेत नाही, मला भांडण करायचं नाहीये) "लोहयुक्त बाजरी" असं छापलेली 5 किलोची पिशवी आणली. छापील किंमत साध्या बाजरीच्या जवळजवळ दुप्पट. घरी आईंनी सुपात घेऊन पाखडायला सुरुवात केली आणि थांबल्या. मला हाक मारली, म्हणाल्या हे बघ. हिरवट-राखाडी दाण्यांमध्ये मधेमधे काळपट जांभळे, दाण्यापेक्षा लांबुळके, उंदराच्या लेंडीसारखे खडे. मी म्हटलं आई कचरा असेल, काढून टाकू. त्या म्हणाल्या, कचरा नाही, अरगट आहे, आमच्याकडे असली बाजरी गुरांना पण घालत नव्हते.

हे नीट समजून घ्या कारण शहरात वाढलेल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं. अरगट हा बुरशीचा रोग. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस राहिला की बुरशी फुलात शिरते, कणसातून आधी मधासारखा चिकट रस गळतो आणि मग दाण्याच्या जागी हे काळे खडे तयार होतात. ते दळणात गेले तर मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी. 1956-57 च्या सुमाराला जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोक आजारी पडल्याची साथच आली होती, वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आहे. आणि तपासायला लॅब लागत नाही हो! एक लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात मूठभर बाजरी टाकायची आणि ढवळायचं. चांगला दाणा तळाला बसतो, अरगट आणि पोचट दाणे वर तरंगतात. शेतकरी पेरणीआधी बियाण्याला हेच करतात, 10 लिटरला 2 किलो मीठ, वर आलेलं काढून जाळून टाकायचं आणि खालचं बियाणं साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. एफएसएसएआय म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या घरगुती चाचण्यांमध्येही बाजरीसाठी मिठाच्या पाण्याची ही चाचणी दिलेली आहे. मी स्टीलच्या पातेल्यात करून बघितली, एका मुठीत सात काळे खडे वर आले. सात! ज्या पोरीला बरं करायला आणली तिच्याच ताटात हे गेलं असतं. पिशवी परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, मॅडम नॅचरल आहे, निवडून घ्या. जात कोणती विचारलं तर म्हणे देशी. लोह किती, कुणी मोजलं, पिशवीवर काहीच नाही. पैसे मिळाले नाहीत.

मग मला आठवलं की आदल्या डिसेंबरात मोशीच्या कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर "धनशक्ती" नाव ऐकलं होतं, तेव्हा नुसतं हो हो केलं होतं. आता शोधून वाचलं. हैदराबादची इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला वाण आहे, म्हणजे आपल्या पुण्यातल्या शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय ज्या विद्यापीठाखाली येतं तेच. आयसीटीपी 8203 नावाची बाजरी आपल्याकडे 1988 पासून आहे, तिचं मूळ आफ्रिकेतल्या टोगोमधल्या गावरान बाजरीत. तिच्यातूनच जास्त लोहाची झाडं निवडत निवडत धनशक्ती केली, 2014 मध्ये देशभर लागवडीसाठी ती अधिसूचित झाली. किलोमागे साधारण 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त. वरून काही फवारलेलं किंवा मिसळलेलं नाही, दाण्यातच आहे. तुलनेला सांगते, 2018 पासून बाजरीच्या नवीन वाणाला मान्यता हवी असेल तर किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असावंच लागतं, असा नियम झालाय.

आणि माझा विश्वास कशावर बसला तर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावर. ग्रामीण महाराष्ट्रातल्या वसतिगृहात राहणारी 12 ते 16 वयाची 246 मुलं, काहींना याच घराण्यातल्या जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव, काहींना साध्या बाजरीची, असं 6 महिने. ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होतं त्यांच्यात जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांचं लोह भरून निघण्याचं प्रमाण 1.64 पट होतं. आपल्याच पोरांवर, आपल्याच भाकरीवर झालेला प्रयोग आहे हा, परदेशातल्या कुठल्या पावडरीवरचा नाही. मला हे वाचून खरंच भरून आलं.

तर आता मूळ रिव्ह्यू. सिंहगड रोडला आमच्या भागात जो शेतकरी आठवडे बाजार भरतो तिथं एक शेतकरी गट बसतो, भाजी कमी आणि धान्य जास्त. जुलैच्या पहिल्या रविवारी गेले. मी विचारलं, दादा ही बाजरी कुठली जात? ते दादा लगेच म्हणाले, ताई ही धनशक्ती आणि ती पलीकडची हायब्रिड, ती स्वस्त पडेल. मी म्हटलं कशावरून धनशक्ती? रागावले नाहीत. मोबाईल काढून बियाण्याच्या पिशवीचा फोटो दाखवला, प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग, त्यावर पीक, वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख सगळं. म्हणाले, सरळ वाण आहे, घरचं बी ठेवता येतं, पण बाजरीचं परागीभवन वाऱ्यानं होतं, शेजारी हायब्रिड असेल तर भेसळ होते, म्हणून आम्ही बी दर थोड्या वर्षांनी बदलतो. इतकं सरळ उत्तर मला आजवर कुठल्या मॉलमध्ये मिळालेलं नाही.

जुलैतला माल उन्हाळी बाजरीचा होता, जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेली, मेमध्ये काढलेली. उन्हाळीला फुलोऱ्यात कोरडी हवा मिळते म्हणून अरगट सहसा येत नाही, हे पण त्यांनीच सांगितलं. तरी मी घरी मिठाचं पाणी केलंच. दोन-चार पोचट दाणे वर आले, काळा एकही नाही. ऑक्टोबरात खरिपाचा नवा माल आला तेव्हा परत केलं, तेव्हा एक खडा सापडला, दादांना फोटो पाठवला तर पुढच्या वेळी त्यांनी चाळून, वारं देऊन माल आणला होता. आता दर पिशवीला करते, पाच मिनिटांचं काम आहे. मूठभर घेते तेवढी बाजरी मग टाकून देते, बाकीची निवडून गिरणीत.

चवीला कशी? दाणा टपोरा, राखाडी, भाकरी थोडी काळसर होते पण गोडसर लागते. गरम पाण्यात पीठ मळून परातीत थापली तर कड चिरत नाही, तव्यावर पाणी फिरवून उलटली की टम्म फुगते आणि पापुद्रा असा सुटतो की आत लोणी घालायला हात शिवशिवतो. लेक आधी नाक मुरडायची, आता मिरचीच्या खर्ड्याबरोबर दोन खाते. दोन भाकऱ्यांना साधारण 130 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 9 मिलिग्रॅमच्या आसपास लोह. तिच्या वयाच्या मुलींना दिवसाला 30 मिलिग्रॅम लागतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात आहे. म्हणजे भाकरीनं सगळं भागत नाही, पण जवळपास तिसरा हिस्सा नुसत्या भाकरीतून, हे काही थोडं नाही. त्यातलं सगळं अंगी लागत नाही हेही खरं, बाजरीत फायटेट असतं ते लोह अडवून धरतं. म्हणून जेवताना लिंबू पिळायचं, आवळ्याचं लोणचं किंवा पेरू द्यायचा, आणि भाकरीबरोबर चहा अजिबात नाही. आमच्याकडे सकाळी भाकरी-चहा ही जुनी सवय, ती मोडायला सगळ्यात जास्त त्रास झाला, आई अजून कुरकुरतात.

डिसेंबरात परत रक्त तपासलं, 12.1 आलं. इथं मी स्पष्ट सांगते, याचं मुख्य श्रेय गोळ्यांना. कुणी कृपा करून गोळ्या बंद करून नुसती बाजरी सुरू करू नका. डॉक्टर म्हणाले गोळ्या अजून काही महिने चालू ठेवा म्हणजे साठा भरेल, आणि त्या संपल्यावर पुन्हा खाली येऊ नये म्हणून जेवण असंच राहू द्या. माझ्या हिशोबात बाजरीचं काम ते आहे.

एक स्टार कापला त्याची कारणं. पहिलं म्हणजे तयार पीठ. एकदा घाईत त्यांच्याकडून दळलेलं पीठ घेतलं, ताई महिनाभर चालतं म्हणाले. नाही चालत! बाजरीत तेल बरंच असतं, दळलं की ते हवेला लागतं आणि आठवड्यात पीठ खवट व्हायला लागतं. दहाव्या दिवशी भाकरी कडू लागली आणि पीठ विरी गेलेलं, थापताना नुसतं फाटायचं. पाकिटावर दळल्याची तारीख नव्हती, ती टाकायलाच पाहिजे. धान्य घ्या आणि पाच-सहा दिवसांपुरतंच दळून आणा. गिरणीवाल्या काकांना ज्वारी-बाजरीच्या पाळीत टाकायला सांगा, गव्हावर टाकलं की निम्मं पीठ मिसळून येतं. दुसरं, पिशवीवर वाण आणि काढणीचा महिना लिहिलेला नसतो, सगळं तोंडी. हे दादा खरं बोलतात, पण उद्या त्यांच्या जागी दुसरं कुणी बसलं तर? साधं पेनानं लिहिलं तरी चालेल. तिसरं, बारीक खडे निघतात, निवडायला बसावं लागतं. भाव 60 रुपये किलो, हायब्रिडपेक्षा जास्त पण त्या दुकानातल्या पिशवीपेक्षा कितीतरी कमी, त्याबद्दल तक्रार नाही. पार्किंगचं विचारू नका, साडेसातच्या आत जा.

गव्हाचं पण विचारलं होतं. आपल्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 म्हणून बन्सी गहू आहे, 14.7 टक्के प्रथिनं, लोह आणि जस्तही चांगलं. तो त्यांच्याकडे नव्हता. आगरकर रोडवरून आपण हजार वेळा जातो आणि आत काय चाललंय ते ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. तुमच्यापैकी कुणाला पुण्यात हा गहू खात्रीनं कुठे मिळत असेल तर नक्की सांगा. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते म्हणून आई ज्वारीवर जातात, त्यासाठी "परभणी शक्ती"ची चौकशी केलीय, ती जास्त लोह-जस्ताची ज्वारी परभणीच्या कृषी विद्यापीठाची, 2018 ची. दादा म्हणाले गटात विचारून सांगतो.

भोगीसाठी 10 किलो सांगून ठेवलीय, बहिणीची आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची मिळून. काकूंच्या सुनेचं पण रिपोर्टमध्ये 10 च्या खालीच आलंय, तिला मिठाच्या पाण्याचं पातेलं दाखवायला रविवारी वर बोलावलंय.