ओल्ड स्कूल रूनस्केप: नवे गेम खेळून परत आल्यानंतरचे काही महिने

गेल्या पावसाळ्यात मी ओल्ड स्कूल रूनस्केप हा अनेकांनी एकाच काल्पनिक जगात खेळायचा ऑनलाइन गेम पुन्हा सुरू केला. आता उन्हाळा तोंडावर आलाय आणि फोनवरचे बाकीचे सगळे ऑनलाइन गेम मी काढून टाकले आहेत. मधली काही वर्षं मी नवेच गेम खेळत होते. देखणे, मोठ्या खर्चाने बनवलेले. त्यामुळे हा अभिप्राय जुन्याच गेमला चिकटून बसलेल्या माणसाचा नाही. दोन्हीकडे भरपूर वेळ घालवून झाल्यावर मला जे पटलं ते लिहितेय: या गेममध्ये केलेलं काम जुनं होत नाही. माझ्यासाठी सगळी गोष्ट तिथे येऊन थांबते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मूळ रूनस्केप इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी बनवला आणि जानेवारी 2001 मध्ये तो आला. ब्राउझरमध्ये जावावर चालायचा, कॉम्प्युटरवर काही टाकावं लागायचं नाही. म्हणूनच 2006-07 च्या सुमारास कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या सायबर कॅफेत आम्हाला तो खेळता यायचा. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि मी शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. तासाचे पैसे मोजून घेतलेले असायचे, त्यामुळे आज किती लॉब्स्टर धरायचे हे घरून ठरवूनच निघायचो.

पुढे नोव्हेंबर 2012 मध्ये गेम चालवणाऱ्या कंपनीने लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि असंख्य जुन्या खेळाडूंनी गेम सोडला. मग खेळाडूंचं मतदान घेऊन, हाती असलेल्या ऑगस्ट 2007 च्या बॅकअपवरून, फेब्रुवारी 2013 मध्ये ‘ओल्ड स्कूल’ हा वेगळा गेम सुरू झाला. त्यात सगळ्यांना पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी लागली. आमच्या सायबर कॅफेतल्या कमाईतलं तिथे काहीच नव्हतं, आणि आज वाटतं की ते बरंच झालं.

मधल्या वर्षांत मी जे गेम खेळले त्यांची नावं घेत नाही, कारण सगळ्यांचा साचा सारखाच होता. खेळायला लागणारी ऊर्जा घड्याळाप्रमाणे भरत राहते आणि भरून गेली की पुढची वाया जाते, म्हणून ठरावीक वेळाने आत जाऊन ती खर्च करायची. रोजची कामं रोज संपवायची. बॅटल पास, म्हणजे मुदतीत पुरी करायची कामांची यादी, महिन्याभरात पुरा झाला नाही तर त्यातलं बक्षीस गेलं. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाही मी रात्री बारा वाजायच्या आत फोन घेऊन बाल्कनीत उभी राहायचे, कारण चार कामं बाकी असायची. आणि एवढं करून काय? एका गेममध्ये रोज खपून मिळवलेली तलवार पुढच्या मोठ्या अपडेटनंतर फुकट वाटल्या जाणाऱ्या तलवारीपुढे फिकी पडली. तेव्हा मला रागापेक्षा थकवा जास्त आला. आपण खेळतोय की हजेरी लावतोय हे कळेनासं झालं होतं.

रूनस्केपमध्ये रोज यायची सक्ती नाही. मी मधे ऑडिटच्या दिवसांत कित्येक दिवस गेम उघडलाच नव्हता. परत आले तेव्हा सगळं जिथे ठेवलं होतं तिथेच होतं आणि माझी वस्तू तेवढ्याच कामाची होती. गेममध्ये ‘अबिसल व्हिप’ नावाचं एक शस्त्र आहे, 2005 सालचं. अटॅक (वार करण्याचं कौशल्य) लेव्हल 70 ला गेलं की आजही बहुतेक जण त्याच्याकडेच वळतात. त्याहून भारी शस्त्रं नंतर आली, पण म्हणून व्हिपची रद्दी झाली नाही. 2013 मध्ये कुणी मासेमारी 99 ला, म्हणजे सर्वात वरच्या लेव्हलला, नेली असेल तर ती आजही 99 आहे आणि तिला आजही तेवढाच मान आहे.

हा मान कुठून येतो ते आकड्यांत दिसतं. लेव्हल 99 साठी 1,30,34,431 अनुभव गुण लागतात. 92 व्या लेव्हलला असतात 65,17,253. म्हणजे 92 ला पोहोचलात तेव्हा तुम्ही जेमतेम अर्ध्या वाटेवर असता. पहिल्यांदा हे वाचलं की अंगावर येतं. पण पैसे देऊन हा रस्ता थेट कापता येत नाही, अनुभव गुण विकत मिळत नाहीत, त्यामुळे समोरचा माणूस 99 ची केप (त्या लेव्हलला मिळणारा झगा) घालून उभा असेल तर त्याने ती चालून मिळवलेली असते. (पैशाने सोनं मात्र मिळतं, त्याबद्दल खाली लिहिते.)

लढाईबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण नव्या गेममधून आलेल्या माणसाला पहिला धक्का तिथेच बसतो. इथे उड्या नाहीत, कोलांट्या नाहीत, क्लिक केलं की पात्र चालत जातं आणि आपोआप वार करत राहतं. माझा अकरावीतला भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, “मावशी, हे हँग झालंय का?” गेम हँग झालेला नव्हता. सगळा गेम 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्याला ‘टिक’ म्हणतात. चालणं, खाणं, वार, प्रार्थना (शत्रूच्या वारापासून वाचवणारी शक्ती), सगळं त्या ठोक्यावरच पडतं. सुरुवातीला हे ढिलं वाटतं. पण मोठ्या बॉसपुढे, म्हणजे बलाढ्य शत्रूपुढे, उभं राहिलं की तबल्याच्या मात्रा मोजल्यासारखं होतं: या ठोक्यावर प्रार्थना बदलायची, पुढच्यावर सरकायचं, तिसऱ्यावर वार. ‘फाइट केव्ह्ज’ या गुहेत शत्रूंच्या 63 लाटा आहेत आणि शेवटच्या लाटेत जॅड नावाचा बॉस येतो. तो कुठला हल्ला करणार हे त्याच्या हालचालीवरून ओळखून बरोबर प्रार्थना लावली नाही, तर एका फटक्यात तासाभराहून जास्त वेळची मेहनत जाते. मला घाम फुटला होता. भाच्याने खुर्ची जवळ ओढून घेतली आणि जॅड पडेपर्यंत एक शब्दही बोलला नाही.

या ठोक्याचा पुण्यात बसून खेळणाऱ्याला एक फायदा आहे. मी युरोपातल्या सर्व्हरवर खेळते, पिंग (क्लिक सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे ते दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास असतं. झटपट प्रतिक्रियांच्या गेममध्ये एवढ्या पिंगवर मी कायम मारच खाल्ला. इथे 0.6 सेकंदाच्या आत तुमचा क्लिक पोहोचला की झालं.

आता क्वेस्टबद्दल, म्हणजे गोष्टीतून मिळणाऱ्या मोहिमांबद्दल. माझ्या मते हा या गेमचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, आणि नव्या खेळाडूंना तो सगळ्यात उशिरा सापडतो. दीडशेहून अधिक क्वेस्ट आहेत आणि ‘दहा लांडगे मारून या’ छापाचं त्यांत जवळपास काही नाही. पहिलीच साधी क्वेस्ट घ्या. लंब्रिजच्या ड्यूकचा वाढदिवस आहे आणि आचाऱ्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवंय. पीठ कुठे मिळतं? शेतातून गहू खुडायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर जाऊन तो टाकायचा, खटका ओढायचा, मग खाली उतरून भांड्यात पीठ भरून घ्यायचं. एवढ्यात गेमने तुम्हाला सांगून टाकलेलं असतं की या जगात वस्तू कुठून तरी येतात.

मग बऱ्याच काळाने ‘ड्रॅगन स्लेयर’ येते. नकाशाचे तीन तुकडे तीन ठिकाणांहून मिळवायचे, पोर्ट सरिमला जुनं जहाज विकत घ्यायचं, फळ्या आणि खिळे घेऊन त्याचं भोक बुजवायचं, ड्रेनरच्या म्हाताऱ्या नेडला कप्तान व्हायला राजी करायचं आणि क्रँडोर बेटावर जायचं. ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल कोण देतं? तोच लंब्रिजचा ड्यूक. मी आणि दादा सायबर कॅफेत या क्वेस्टपर्यंत कधी पोहोचलोच नव्हतो. या वेळी दिवाळीच्या सुट्टीत तो कोल्हापुरात आणि मी कोथरूडला, फोन स्पीकरवर ठेवून दोघांनी एकाच रात्री आपापली क्वेस्ट पूर्ण केली. माझा ड्रॅगन पडला तेव्हा वहिनी मागून विचारत होती की एवढं कसलं ओरडताय.

नवीन येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेक जण गेम चालवायला ‘रूनलाइट’ हे वेगळं सॉफ्टवेअर वापरतात, मीही वापरते, ते उत्तम आहे. पण त्यातलं क्वेस्टची वाट दाखवणारं प्लगइन पहिल्या काही क्वेस्टना तरी बंद ठेवा. बाण दाखवेल तिथे क्लिक करत गेलात तर तो आचारी, तो नेड, तो ड्यूक यांच्याशी तुमची ओळखच होणार नाही.

फोनवरचा गेम 2018 मध्ये आला, आणि नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला खरं तर त्यामुळेच हे जमलं. कॉम्प्युटरवरचं तेच खातं, तेच जग. मी वनाझहून येरवड्याला मेट्रोने जाते. हा मार्ग सगळा वरून असल्यामुळे नेटवर्क फारसं तुटत नाही, आणि तेवढ्या वेळात लाकूड तोडणं किंवा मासे पकडणं निवांत चालतं. मधे डेक्कनला नदी दिसली की मान वर करून बघता येते, काही बिघडत नाही. बॉस मात्र फोनवर करू नका. बोटाखाली निम्मा पडदा झाकला जातो. डेटा अगदी कमी लागतो आणि घरचा जुना लॅपटॉपसुद्धा हा गेम आरामात ओढतो.

‘जुना गेम’ म्हणताना एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मी आठवणींसाठी परत आले असेन, पण महिनाभरानंतर मी जे खेळत होते त्यातलं बरंचसं 2007 नंतरचं होतं. कोरेंड हा प्रदेश 2016 चा, पहिली रेड (गटाने करायची मोठी मोहीम) 2017 ची, ‘टूम्ब्स ऑफ अमास्कट’ ही रेड 2022 ची, वार्लामोर हा प्रदेश 2024 चा. मोठं काहीही गेममध्ये यायचं तर खेळाडूंचं मतदान होतं. आधी 75 टक्के होकार लागायचा, आता 70 टक्के लागतो. जहाज चालवण्याचं कौशल्य, म्हणजे ‘सेलिंग’, 2015 मध्ये मतदानात पडलं होतं. पुढे खेळाडूंनीच ते पुन्हा निवडलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते आलं. तोवर 23 कौशल्यं होती, हे 24 वं. मी परत आल्यावर काही महिन्यांतच ते आलं. पोर्ट सरिमच्या ज्या धक्क्यावर लहानपणी आम्ही 30 नाणी देऊन कारामजा बेटाची बोट पकडायचो, तिथूनच आता माझं स्वतःचं जहाज निघतं. लोकांनी दहा वर्षं वाद घालून ठरवलेली गोष्ट असल्यामुळेच ती या जगात उपरी वाटत नाही, असं मला वाटतं.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. फुकटचा भाग छोटा आहे. 24 पैकी 15 कौशल्यं आणि नकाशाचा एक कोपरा. खरा गेम मेंबरशिपमध्ये, म्हणजे पैसे भरून उघडणाऱ्या भागात, आहे आणि ती डॉलरच्या हिशेबात आपल्याला महागच पडते. ‘बाँड’ नावाची वस्तू खऱ्या पैशाने घेऊन ती गेममध्ये विकली की गेमचं चलन, म्हणजे सोनं, मिळतं, आणि सोन्याने घेतलेल्या बाँडवर 14 दिवसांची मेंबरशिप मिळते. त्यामुळे पैशाने सोनं घ्यायची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे आणि मला ती आवडत नाही. अनुभव गुण विकत मिळत नाहीत म्हणून ती सहन होते, एवढंच. ठरावीक जागी दिवसरात्र एकच काम करणारी बॉट (माणसाशिवाय आपोआप चालणारी) खाती डोळ्यांना दिसतात, त्यांच्यामुळे काही मालाचे भाव पडलेले असतात. ग्रँड एक्स्चेंज या गेममधल्या बाजारात ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणाऱ्यांची कायम गर्दी असते, मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि मनगट. काही कौशल्यांत सतत क्लिक करावं लागतं, माझा अंगठ्याकडचा सांधा डिसेंबरात दुखायला लागला. आता मी तशी कामं सलग करत नाही.

हा गेम कुणाला आवडणार नाही तेही सांगते. ज्यांना मित्रांबरोबर अर्धा तास बसून काहीतरी जिंकून उठायचंय त्यांनी इकडे वळू नये. कथा डोळ्यांसमोर सिनेमासारखी उलगडायला हवी असेल तरी नको. इथे सगळं वाचावं लागतं, इंग्रजीत वाचावं लागतं आणि पहिले काही दिवस आपण नेमकं कशासाठी काय करतोय ते समजत नाही.

सुरू करणार असाल तर मेंबरशिप लगेच घेऊ नका. फुकटच्या भागातल्या क्वेस्ट करत जा, 32 क्वेस्ट पॉइंट (क्वेस्ट पुऱ्या केल्यावर मिळणारे गुण) झाले की ‘ड्रॅगन स्लेयर’ उघडते, ती स्वतःच्या बळावर पार पाडा. तिथवर जाताना कंटाळा आला असेल तर हा गेम तुमचा नाही आणि पैसेही वाचले. ड्रॅगन पडल्यावर पुढे काय आहे हे बघावंसं वाटलं, तर एका महिन्याची मेंबरशिप घ्या, वर्षाची नको. पहिल्या महिन्यात पैसा कमवायच्या नादी न लागता ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ करा. तिच्यात कसलीही लेव्हल लागत नाही आणि पहिल्या लेव्हलचं पात्र अटॅक आणि स्ट्रेंग्थमध्ये थेट तिशीला पोहोचतं. फक्त वाटेत मोठे राक्षस आहेत, तेव्हा खाणं भरपूर घेऊन जा आणि थांबून लढू नका, पळत राहा.