वेरूळ-देवगिरी की तेर-नळदुर्ग? इतिहास मंडळाची दोन दिवसांची सहल ठरवताना

लातूर-धाराशिवकडच्या कॉलेजांत इतिहास मंडळाची सहल निघाली की गाडी याच दोन नावांवर येऊन थांबते. मी दोन्हीकडे मुलं घेऊन गेलोय.

वेरूळचं मोठेपण वादाचा विषयच नाही. एका डोंगरात ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, उरलेली पाच जैन. सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, कळसापासून खाली कोरत आणलेला तो अखंड दगड पाहिला की राष्ट्रकूट पुन्हा वर्गात शिकवावे लागत नाहीत. देवगिरीच्या अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, धडपडत वर आलेल्या मुलाला हा किल्ला लढून घेणं का अवघड, हे पायांनीच कळलेलं असतं. १२९६ची अल्लाउद्दीन खलजीची स्वारी आणि १३२७चं तुघलकाचं राजधानी हलवणं तिथं उभं राहूनच सांगावं. वेळ उरला तर छत्रपती संभाजीनगर शहरातल्या सोनेरी महालातलं वस्तुसंग्रहालय बघा.

पण लातूरहून पोचण्यातच अर्धा दिवस जातो. रविवारच्या गर्दीत एका शिल्पापुढं शांतपणे वही उघडता येत नाही. आणि अर्ध्याअधिक मुलांनी शाळेच्या सहलीत हे सगळं एकदा पाहिलेलं असतं.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, एवढंच बहुतेकांना ठाऊक. पण पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं जे ‘तगर’ येतं, ते हेच. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तिथं आहे. भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, सातवाहनांची नाणी आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती! इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात हिच्याशी मिळतीजुळती मूर्ती निघाली. तेरणेकाठचं गाव आणि रोमन शहर यांचा धागा आपल्याच भागात, धाराशिव जिल्ह्यात, हाताशी येतो, तेव्हा मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात.

नंतर विटांचं त्रिविक्रम मंदिर. हे मुळात बौद्ध चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) असावं, असं अभ्यासक म्हणतात. का, ते आधी सांगू नका. मुलांना मागच्या बाजूनं फिरू द्या. भिंतीची अर्धगोल पाठ, म्हणजे चैत्यगृहाची खूण, कुणीतरी बरोबर हेरतं.

मुक्काम तुळजापूरला सोयीचा, फक्त नवरात्र आणि पौर्णिमा टाळा. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात, १६१३ मध्ये झाला. वरून पाणी पडतंय आणि आपण आत कोरडे उभे, हा अनुभव चांगल्या पावसानंतरच मिळतो. म्हणून ही सहल भाद्रपदाच्या आसपास काढावी.

तेरला शिक्षकाची तयारी मात्र जास्त लागते, नाहीतर मुलांना नुसत्या विटा आणि खापरं दिसतात. जेवणाचंही गावात आधी सांगून ठेवावं.

मुलं पहिल्यांदाच निघत असतील किंवा पन्नासच्या वर असतील, तर वेरूळ. एका काचेच्या कपाटापुढं एवढी मुलं मावत नाहीत. वीस-पंचवीस जण असतील आणि त्यांनी वेरूळ पाहिलं असेल, तर मी डोळे झाकून तेरला नेईन.