छोट्या रीलवर ब्रेड: रेवदंड्याच्या खाडीतली दोन वर्षं

आमच्याकडे मासे गरवायचं म्हटलं की तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध दोरा. बाबा फळीवर गुंडाळलेला तंगूस हातानेच सोडायचे. मी रॉडवर आलो, तरी २००० नंबरच्या छोट्या स्पिनिंग रीलवर बरीच वर्षं तंगूसच भरत होतो. गेली दोन वर्षं मात्र ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला दोरा वापरतोय, डायवा कंपनीचा जे-ब्रेड. आठपदरी, गडद हिरवा, १० पौंडी, १५० मीटर. या रीलवर आता परत तंगूस भरणार नाही, हे आधीच सांगतो.

मुख्य कारण स्पूल, म्हणजे रीलवर दोरा गुंडाळला जातो तो भाग. एवढ्याशा स्पूलवर तंगूस आठवडाभर राहिला की त्याला वळं पडतात, आणि फेकला की तो स्प्रिंगसारखा उसळत रॉडच्या पहिल्या कड्यावर आपटतो. ब्रेडला वळं पडत नाहीत, तो शिवणाच्या दोऱ्यासारखा लुळा असतो. शिवाय तेवढ्याच ताकदीचा तंगूस याच्या जवळजवळ दुप्पट जाड असतो, त्यामुळे हलकं आमिषसुद्धा ब्रेडवर लांब जातं. चौपदरी ब्रेड स्वस्त मिळतो, पण कड्यांतून जाताना सरसर वाजतो. आठपदरी गुळगुळीत असतो. छोट्या रीलला मी तरी आठपदरीच घेईन.

खरी मजा हाताला कळते. ओहोटीला कुंडलिकेचं पाणी समुद्राकडे ओढत असतं, समोर कोर्लईचा किल्ला, आणि मी ७ ग्रॅमच्या जिगहेडवर (डोक्याला वजन असलेल्या गरीवर) रबरी कोळंबी लावून तळाशी सोडलेली. ती वाळूला टेकली की कळतं. वाळू संपून खडक लागला की तेही कळतं. जिताड्याने घेतली की टक् असा एकच ठोका येतो, कुणी रॉडच्या मुठीवर टिचकी मारावी तसा. तंगूस ताण पडला की रबरासारखा लांबतो आणि असे ठोके वाटेतच जिरतात. ब्रेड जवळजवळ लांबतच नाही. पण म्हणूनच मासा लागल्यावर हिसका द्यायचा नाही, आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्शावरच ठेवायचा. नाहीतर गरी तोंड फाडून बाहेर येते.

पहिल्या महिन्यात मात्र मी फार वैतागलो होतो. ज्या दुकानात ब्रेड घेतला, तिथल्या माणसाने तो थेट धातूच्या रिकाम्या स्पूलवर भरून दिला. नारळी पौर्णिमेनंतरच्या उधाणाला चांगला मासा लागला, आणि ड्रॅग गच्च पिळूनही दोरा जातच राहिला. हँडल फिरवतोय, दोरा काही येत नाही. मासा गेला. रील बिघडलं म्हणून मी घरी सगळं उघडून वॉशर तपासले, सगळे ठीक होते. मग अंगठ्याने स्पूल दाबून धरला आणि दोरा ओढला, तर स्पूल जागच्या जागी आणि त्यावरचा ब्रेडचा सगळा गठ्ठा गोल फिरतोय! ब्रेड निसरडा असतो, नुसत्या धातूवर तो पकड घेत नाही. त्या दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं. आता मी आधी दहा-पंधरा मीटर जुना तंगूस स्पूलवर भरतो, त्याला ब्रेड जोडतो आणि ओल्या फडक्यात घट्ट चिमटीत धरून गुंडाळतो. तेव्हापासून एकदाही घसरला नाही.

दुसरा त्रास गुंत्याचा. फेकल्यावर दोऱ्याचा सैल फास स्पूलवर राहिला, की पुढच्या फेकीला अख्खं घरटं बाहेर येतं. यावर उपाय म्हणजे बेल (स्पूलवर दोरा वळवणारी तारेची कमान) हँडल फिरवून नाही, हाताने बंद करायची. मग दोरा एकदा ताणून घ्यायचा आणि मगच गुंडाळायला लागायचं. स्पूल काठोकाठ भरू नका, दोनेक मिलिमीटर कड मोकळी ठेवा. एवढं केलं की छोट्या रीलवरचे गुंते जवळजवळ बंद होतात.

खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांपुढे, म्हणजे कालवांपुढे, ब्रेडचं काही चालत नाही, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. खडकावरच्या एका कालवाला ताणलेला दोरा घासला, की कात्री लावल्यासारखा तुटतो. म्हणून पुढे दीड हात २० पौंडी फ्लोरोकार्बनचा (घासायला चिवट अशा एकसंध दोऱ्याचा) लीडर, म्हणजे गरीकडचा जोडतुकडा, हवाच. तो ब्रेडला जोडायला मी एफजी नावाची गाठ मारतो, वीसेक वेढे, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करतो. कारण ब्रेडचा धागा पॉलिएथिलिनचा आहे. कोरडा घासला की घर्षणाच्या उष्णतेने दुखावतो आणि गाठीपाशीच तुटतो. अडकला तर बोटाला गुंडाळून ओढू नका. मांसात शिरतो. एकदा माझ्या तर्जनीवर खोल चीर पडली होती, पंधरा दिवस मीठ झोंबत होतं. आता मी तो काठीला गुंडाळून ओढतो.

विकत घेताना वेष्टनावरच्या पौंडांपेक्षा पीई नंबर बघा, तो जाडी सांगतो. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर. खाडीतल्या छोट्या रीलला ०.८ ते १ पुरे. आणि तुटलेले तुकडे तिवरांत टाकू नका. हा धागा कुजत नाही, बगळ्यांच्या पायात अडकतो. मी खिशात डबी ठेवतो.

माझ्या दोऱ्याचं पुढचं पन्नासेक मीटर आता पिंजलंय, हात फिरवला की लव लागते. आतलं मात्र अजून नवंकोरं आहे. अमावास्येच्या आत अख्खा दोरा उलटा करून भरायचाय, म्हणजे नवी बाजू वर येईल.