डबा खरा, मशीन खरं, मालक दुसराच

जुना मॅकबुक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, घ्यायच्या विचारात असाल तर पैसे काढण्याआधी विकणाऱ्याला एकच सांगा, ''माझ्यासमोर पूर्ण इरेज करा, म्हणजे सगळं पुसा, आणि माझ्या मोबाइलच्या नेटवर पुन्हा चालू करून दाखवा.'' मी हे म्हणालो नाही. माझे ८२,००० रुपये गेले. त्यातले ४०,००० बायकोच्या भिशीचे होते.

मी या बाबतीत नवखा नव्हतो, आणि म्हणूनच हे लिहायला बसलोय. २००० च्या सुमाराला नागपूरच्या घाट रोडवरच्या एका छापखान्यात मी डीटीपी शिकत होतो. तिथे मालकांच्या केबिनमध्ये निळा, आरपार दिसणारा आयमॅक होता, १९९८ साली आला तो. वरच्या बाजूला धरायला मूठ. संगणकाला कोणी मूठ लावतं हे पाहून मी जो हरखलो, तो आजवर तसाच आहे. २०१३ मध्ये स्वतःचा आयमॅक घेतला आणि त्यावर शेकडो लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं लावली. आयपॉडपासून आयफोनपर्यंत प्रत्येक वस्तूचा रिकामा डबा आमच्या माळ्यावर जपून ठेवलेला आहे. नागपुरात ॲपल कंपनीचं स्वतःचं दुकान नाही. मुंबईला बीकेसीत पहिलं दुकान १८ एप्रिल २०२३ ला उघडलं, तेव्हा पुढच्या आठवड्यात मी विदर्भ एक्स्प्रेसनं जाऊन ते पाहून आलो. काही विकत घेतलं नाही, नुसता दोन तास फिरलो. ओळखीपाळखीत कोणाला आयफोन घ्यायचा असला की मला फोन येतो. मला वाटायचं, ॲपलच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

२०२४ मध्ये मुलीनं ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश घेतला. जुन्या आयमॅकवर तिचं काम होईना. नवीन घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून मी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर मशीन शोधू लागलो. दसऱ्याच्या आठवड्यात एक जाहिरात दिसली: १४ इंची मॅकबुक प्रो, एम१ प्रो चिप, १६ जीबी, ५१२ जीबी, डब्यासकट. हे मॉडेल ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हा भारतात त्याची किंमत १,९४,९०० पासून सुरू होत होती. चुंबकानं चिकटणारा मॅगसेफ चार्जर परत आणणारं, एसडी कार्डाचा खाचा परत देणारं, कीबोर्डवरची टच बार ही स्पर्शपट्टी काढून टाकणारं मशीन. मला ते फार आवडायचं. मागणी ८५,०००. भाव मुद्दाम पाडलेला नव्हता, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर माणूस निदान सावध तरी होतो.

फोन केला. तिशीतला आवाज, बोलणं अगदी आपल्या नागपूरचं. ''भाऊ, मी पुण्याला नोकरीवर होतो. आईची तब्येत ठीक नाही म्हणून सध्या इकडे येऊन राहिलो. आता नव्या ठिकाणी कंपनीचा लॅपटॉप मिळून राहिला, तर हा पडूनच आहे.'' बिल कोणाच्या नावे, असं विचारल्यावर त्यानं लपवलं नाही. ''जुन्या कंपनीच्या नावे आहे. सोडताना त्यांनी मलाच विकला.'' असं होतंही. काही कंपन्या वापरलेली मशीनं आपल्याच माणसांना देतात. त्यानं व्हॉट्सॲपवर एक पत्रही पाठवलं, कंपनीचं नाव, शिक्का, सही. त्या पत्रात सिरियल नंबर नव्हता, हे माझ्या लक्षात आलं ते दोन महिन्यांनी.

मग त्यानं विचारलं, ''कोणासाठी घेता?'' मी मुलीचं सांगितलं. तो म्हणाला, ''नाव सांगा तिचं. मी मशीन साफ करून तिच्या नावाचं अकाउंट बनवूनच आणतो.'' मला ते ऐकून बरं वाटलं. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, सगळी फसवणूक त्या एका वाक्यात होती.

भेट ठरली शंकरनगर चौकातल्या मेट्रो स्टेशनाखाली. तिथून बाजूच्या कॉफीच्या दुकानात बसलो. झाकण उघडलं तर पडद्यावर मुलीचं नाव. मी मात्र माझी तपासणी सोडली नाही. सिरियल नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळवला. ॲपलच्या साइटवर टाकून पाहिला, मॉडेल बरोबर, वॉरंटी संपलेली. बॅटरीचे सायकल, म्हणजे पूर्ण चार्ज वापरून संपल्याची मोजणी, २१४, आणि या मशीनच्या बॅटरीला कंपनी १००० सायकल धरते. स्पीकर, कॅमेरा, सगळे पोर्ट, पडद्यावर पांढरा आणि काळा रंग लावून डाग पाहिले. शेवटी माझा ॲपल आयडी टाकला. हरवलेलं मशीन शोधणारं 'फाइंड माय' बिनतक्रार चालू झालं, म्हणजे आधीच्या माणसाच्या ॲपल आयडीचं कुलूप, ॲक्टिव्हेशन लॉक, नाही. हे लॉक २०१३ साली आयफोनवर आलं तेव्हापासून मला माहीत होतं.

तो प्रत्येक पायरीला मान डोलवत होता. ''भाऊ, इतकं पाहणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.'' मी फुशारलो, हे कबूल करतो. उठता उठता तो म्हणाला, ''सध्या व्हेंचुरा आहे, हीच जुनी सिस्टिम राहू द्या. नव्या अपडेटनंतर बॅटरी कशी उतरते ते तुम्हाला सांगायला नको. आणि फॉरमॅट तर करूच नका, मी सगळं ताजंच टाकलंय.'' तीन हजार त्यानं आपणहून कमी केले. ५०,००० रोख आणि ३२,००० यूपीआयनं, तेही 'मित्राच्या' खात्यावर, कारण याचं खातं म्हणे केवायसीत अडकलं होतं. दसऱ्याला पुण्याला निघायचंय, म्हणून घाई होती.

दसऱ्याच्या सकाळी मुलीनं त्याची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. आमच्या घरी माझ्या आयमॅकचीही दरवर्षी होते.

दोन महिने मशीन उत्तम चाललं. डिसेंबरात तिला मोठा प्रोजेक्ट सुरू करायचा होता. एका सॉफ्टवेअरला नवी सिस्टिम हवी होती. आम्ही ठरवलं, सगळा डेटा बाहेर काढू आणि कोऱ्या पाटीवर सुरू करू. इरेज झालं, 'हॅलो' आलं, भाषा निवडली, देश निवडला, घरचं वायफाय जोडलं. पुढचा पडदा आला 'रिमोट मॅनेजमेंट'. खाली एका कंपनीचं नाव, ती कंपनी हा मॅक आपोआप कॉन्फिगर करणार असल्याची सूचना, आणि त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याचा लॉगिन-पासवर्ड मागणारी चौकट. मागे फिरून पाहिलं, तीनदा नव्यानं सुरू केलं. दर वेळी तेच नाव. व्हॉट्सॲपवरच्या पत्रात होतं ते नाव हे नव्हतंच.

मला जे माहीत नव्हतं, ते माझ्या मेहुण्यानं समजावलं. तो एका कंपनीत आयटी सांभाळतो. मॅकला कुलपं दोन असतात. एक माणसाचं, ते ॲक्टिव्हेशन लॉक. दुसरं संस्थेचं. कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडून मशीनं घेतात तेव्हा त्यांचे सिरियल नंबर ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेत त्या कंपनीच्या नावे नोंदवता येतात. मशीन पुसून नव्यानं चालू केलं की ते ॲपलच्या सर्व्हरला विचारतं, मी कोणाचं? नोंद असेल तर हाच पडदा येतो. ही नोंद मशीनमध्ये नसून ॲपलकडे असते, म्हणून कितीही पुसलं तरी ती जात नाही. ती काढू शकते फक्त ती कंपनी.

मग दोन महिने कसं चाललं? विकणाऱ्यानं सेटअप करताना ही पायरी टाळली होती आणि नंतर सिस्टिममधल्या एका फाइलीत ॲपलच्या त्या ठरावीक सर्व्हरांचे पत्ते अडवून ठेवले होते. मशीनला विचारायची वाटच बंद. मी सगळं पुसलं तेव्हा ती फाइलही पुसली गेली आणि वाट मोकळी झाली. मुलीच्या नावाचं अकाउंट त्यानं एवढ्यासाठीच बनवून आणलं होतं, की समोर सेटअप करायची वेळच येऊ नये. आणि लेकीचं नाव झळकत असलेलं मशीन पुसून दाखव म्हणायला माझी जीभ वळली नसती, हेही त्याला पुरेपूर ठाऊक असावं. सिरियलनं ॲपलच्या साइटवर वॉरंटी कळते, मालकी कळत नाही. मी तपासलेलं सगळं खरं होतं. त्यानं मला खऱ्याच गोष्टी तपासू दिल्या.

त्याचा नंबर बंद होता. जाहिरात केव्हाच निघाली होती.

बाजारात विचारलं तर दोन दुकानांत सहज सांगितलं, ''बायपास करून देतो, चार हजार.'' मी एक रात्र त्यावर विचार केला, खोटं का बोलू. मुलीचा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर होता. पण बायपास म्हणजे त्यानं केलं तेच पुन्हा करणं, पुढच्या इरेजला पुन्हा तोच पडदा. शिवाय आता मला कळलं होतं की वस्तू दुसऱ्याची आहे. विश्वासानं सोपवलेली आणि लाटलेली वस्तूसुद्धा कायद्यानं चोरीचा माल ठरते आणि ती माहीत असून अप्रामाणिकपणे जवळ ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कोणी तुम्हाला बायपासचा सल्ला दिला तर हे आठवा.

मी पडद्यावरच्या कंपनीला सिरियल नंबरासह ईमेल लिहिला. मनात आशा होती की ते म्हणतील, जुनं झालंय, नोंद काढतो. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नम्र आणि स्पष्ट: नोकरी सोडून गेलेल्या माणसानं मशीन परत केलेलं नाही, कृपया पाठवा, कुरिअरचा खर्च आमचा. त्यांची काही चूक नव्हती. पोहोच मागून, फोटो काढून मी मशीन पाठवलं. बांधण्याआधी पुसताना स्पीकरच्या बारीक भोकांमध्ये दसऱ्याचं कुंकू दिसलं. जुन्या ब्रशनं बराच वेळ काढत बसलो, तरी थोडं राहिलंच. मुलगी तेव्हा खोलीबाहेर आली नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तक्रारीचा क्रमांक आहे, पैसे नाहीत. यूपीआयचे ३२,००० दोन महिन्यांपूर्वीच पुढे सरकलेले होते. फसवणूक लक्षात आल्याच्या तासाभरात १९३० लावला तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून तुमच्यावर वेळ आली तर आधी फोन करा, मग रडा. रोख दिलेल्या ५०,००० चा माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही. निदान साध्या कागदावर सिरियल नंबर, रक्कम आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यायला हवी होती. पैसे भलत्याच माणसाच्या खात्यावर मागितले, तिथेच मी उठायला हवं होतं.

इरेज कुठे असतं तेही सांगतो: सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट, आणि तिथे 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर काही मिनिटांचं काम. नंतर वायफाय मात्र तुमच्याच हॉटस्पॉटचं जोडा, त्याच्या नेटवर भरवसा नको. वायफाय जोडायचं टाळून पुढे जाऊ देऊ नका. कंपनीकडून घेतलेलं मशीन असेल तर पत्रात सिरियल नंबर हवा, पण पडद्यानं साथ दिली नाही तर पत्राला किंमत शून्य. आयफोन घेत असाल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकून पाहा, चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. तोही समोर पुसून पाहाच, कंपनीची नोंद फोनलाही असते.

मागच्या महिन्यात छापखान्यातल्या एका पोराला जुना मॅकबुक एअर घ्यायचा होता. मी त्याच्यासोबत प्रतापनगरला गेलो. विकणाऱ्या एक मॅडम होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. इरेज करायचं म्हटल्यावर त्यांनी आधी फोटो निघालेत ना हे पाहिलं, मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि चहा टाकायला आत गेल्या. हॅलो आलं. भाषा. देश. मी पोराचा हॉटस्पॉट जोडला. चक्र फिरत राहिलं. माझे तळहात ओले झाले होते. मग पुढचा पडदा आला, जुन्या मॅकवरून डेटा आणायचा का, असं विचारणारा. मी पोराला म्हटलं, ''दे पैसे. त्यांच्याच खात्यावर.''